गिअर ठरला त्या दिवशी

"मग हातानं बदलायचा गिअर घ्यायचा, का पायाखालचा? माई, आज एवढं तरी ऐकून घ्याच."

येसूमाई मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशासाठी रं?"

"ट्रॅक्टरसाठी."

"ते कळलं. ट्रॅक्टर कशासाठी?"

"गवतासाठी, माई. गवत कापायला, गठ्ठे बांधायला, गठ्ठे उचलायला. किती वेळा सांगू?"

"सांग की. मला कुठं घाई हाय..."

भालचंद्र ओट्याच्या पायरीशी उकिडवा बसला. त्यानं एक काटकी उचलली.

हा भालचंद्र माईंचा शिष्य. पुण्याकडच्या एका कारखान्यात तो गिअरपेट्यांची चित्रं काढायचा. नोकरी सोडून धामणदऱ्याच्या मठात आला, त्याला तीन पावसाळे झाले होते. नोकरी सुटली, गिअर सुटला नव्हता.

माणूस घर सोडतो, पगार सोडतो, मटणसुद्धा सोडतो. आपण शहाणे आहोत, हे सोडायला मात्र कुणाचा हात उठत नाही.

आणि गुरू म्हणजे गोड हसणारा, डोक्यावरून हात फिरवणारा म्हातारा, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी इथंच थांबावं. येसूमाई तसल्या नव्हत्या.

मठाची गोशाळा होती. श्रावणात साताऱ्याकडचा एक भक्त आला आणि गोशाळेला ट्रॅक्टर देतो म्हणाला. मागं गठ्ठे बांधायचं यंत्र, पुढं उचलायला लोडर. कोणता घ्यायचा तेवढं तुम्ही सांगा.

माईंनी शेंग धरलेला हात भालचंद्राकडं केला होता. "ह्यो सांगंल."

श्रावण गेला. भाद्रपद गेला. दसरा झाला, दिवाळी झाली. आज तो सांगायला आला होता.

"हे बघा." त्यानं धुळीत एक रेघ ओढली. "ही वाळलेल्या गवताची ओळ. ट्रॅक्टर हिच्यावरून चालणार. मागचं यंत्र गवत गिळणार आणि गठ्ठा बांधून टाकणार. ओळ कुठं पातळ असते, कुठं दाट. दाट आली की चाकं हळू झाली पाहिजेत. पण यंत्राला फिरवणारा दांडा हळू होता कामा नये. दांडा मंदावला, की घास अडकला."

गोठ्याकडून ठकूबाई शेणाची पाटी घेऊन येत होती. गोठा तिच्या ताब्यात होता. तिनं पाटी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"आमची म्हस तेच करती," ती म्हणाली. "तोंडात मावंना झालं की पाय थांबतात. तोंड काय थांबत न्हाई."

"तसंच, ठकूबाई. म्हणून क्लच दोन टप्प्यांचा. अर्धा दाबला, की चाकं थांबतात, यंत्र फिरत राहतं."

"आन् पुरा दाबला, की?"

"सगळंच थांबतं."

"हां..." ठकूबाई म्हणाली. "तसा एक आमच्या घरात हाय. जेवला की सगळंच थांबतं."

माईंच्या हातातली शेंग फुटली. हसल्या असतील, नसतीलही.

"आता लोडर," भालचंद्र म्हणाला. त्यानं दुसरीकडं रेघा ओढल्या. "पुढं जा, गठ्ठा उचल, मागं ये. वळ, पुढं जा, ट्रॉलीत टाक, परत मागं ये. दिवसभर पुढं-मागं, पुढं-मागं. साध्या गिअरनं हे केलं तर संध्याकाळी पाय उचलत नाही. तिथं तेलावर चालणारा बरा. त्याला गिअरच नाही. ह्या पेडलवर पाय ठेवला की पुढं, त्या पेडलवर ठेवला की मागं. लोण्यासारखा."

"मग त्योच घे," माई म्हणाल्या.

"तो गठ्ठे बांधताना चढावर दमतो. सगळी ताकद तेल तापवण्यात जाते."

"मग साधा घे."

"लोडरला साधा घेतला, तर..."

"पाय उचलत न्हाई. सांगितलंस मगा."

"हाच तर पेच आहे, माई! ट्रॅक्टर एक, कामं दोन. आणि दोन्ही कामांचे स्वभाव उलटे. गवताला सावकाश, एका दिशेनं, न थांबता चालणारा पाहिजे. लोडरला क्षणाक्षणाला उलटणारा."

"आमच्या ह्यांना उलटा गिअर न्हवताच," ठकूबाई म्हणाली. "म्हमईला गेले ते गेलेच."

भालचंद्राला हसू आलं नाही. एवढ्या महिन्यांनी उत्तर सापडलेल्या माणसाला मधे कुणी बोललेलं खपत नाही.

"मी उत्तर काढलंय," तो म्हणाला.

"काढ की."

"शटल."

माईंनी पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला एक दांडी असते. वर ढकलली की पुढं, खाली ओढली की मागं. गिअर आहे तोच राहतो, दिशा तेवढी बदलते. खाली दोन टप्प्यांचा क्लच. शिवाय मुंगीच्या पावलानं चालायचे जास्तीचे गिअर. गवतालाही चालतो, लोडरलाही चालतो. तेलाची उधळण नाही, पायाचं मरण नाही." त्यानं काटकी खाली टाकली. "ह्याच्यापेक्षा बरोबर निवड कुणी दाखवावी मला."

माईंनी शेंगदाणे ओंजळीत घोळवले. फुंकर मारली. फोलपटं उडाली.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

भालचंद्रानं टाकलेली काटकी परत उचलली.

"काय म्हणालात?"

"बरोबर निवडलास. चूक न्हाई कुठं."

तीन पावसाळ्यांत माईंनी त्याला "बरोबर" म्हटलं नव्हतं. ध्यानाला बसला तर म्हणायच्या, पाठ दुखंल. पोथी वाचली तर म्हणायच्या, खोकला झालाय का? आज बरोबर म्हणाल्या. त्याचं तोंड एवढं उजळलं, की ठकूबाईनं नजर फिरवली आणि पाटी उचलली.

"मग आजच कळवतो. पंधरवड्यात येईल ट्रॅक्टर."

"कळव."

"आला की लगेच कुरणात घालू."

"घाल."

माई उठल्या. मांडीवरची फोलपटं झटकली. कोपऱ्यातली काठी घेतली.

"कुटं घालणार ते बघून येऊ. चल."

मठाचं कुरण डोंगराच्या कुशीत होतं. आषाढ लागला की ते राखायचं. एकही जनावर आत जायचं नाही. भाद्रपद सरता सरता गवत फुलावर आलं, की खालच्या वाड्यांतली माणसं विळे घेऊन येत आणि निम्म्यानं कापत. निम्मं गवत मठाचं, निम्मं कापणाऱ्याचं. कुणी ठरवलं होतं ठाऊक नाही. चालत आलं होतं.

यंदाही माणसं आली होती. पुढं सिदूबापू, विळेकऱ्यांचा म्होरक्या, खांद्यावर घोंगडं. भालचंद्र फाटकात उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा नको, बापू. यंत्र येणार आहे. निम्मं गवत कशाला वाटायचं? सगळं गोशाळेला राहील."

हिशोबात चूक नव्हती. सगळं म्हणजे निम्म्याच्या दुप्पट, हे पोरालाही कळतं.

सिदूबापूनं भालचंद्राच्या खांद्यावरून ओट्याकडं बघितलं. ओट्यावर येसूमाई बसलेल्या होत्या.

माई गप्प होत्या.

बापूनं लांबूनच हात जोडले. माणसं परत गेली. दसऱ्यानंतर ती सगळी बायकापोरांसकट ट्रकात बसून ऊसतोडीला गेली.

ते सगळं मागं पडलं होतं. भालचंद्र आता माईंच्या पुढं चालत होता, हात मागं बांधून, कारखान्यात साहेब चालतात तसा.

कुरण दिसलं. कार्तिकातलं ऊन तिरपं पडलं होतं आणि सगळा उतार पिवळा, वाऱ्यानं हलणारा.

"केवढं आहे, माई!" तो म्हणाला. "मांडीला लागेल. आणि लोक म्हणतात, पाऊस नाही झाला."

"आत जा."

तो आत शिरला. दोन्ही हातांनी गवत बाजूला सारत, उतारावर चाकं कशी चालतील, वळण कुठं घेता येईल, हे बघत बघत बराच आत गेला.

मग थांबला.

त्यानं खाली बघितलं. धोतराला गुडघ्यापर्यंत काळे केस फुटल्यासारखं झालं होतं. त्यानं एक ओढलं. आलं नाही. दुसरं ओढलं, ते बोटात गेलं.

"माई, ही कुसळं..."

"व्हय."

"एवढी?"

माईंनी काठीनं गवताचा एक झुबका वाकवला. वर कुसळं एकमेकांत पिळून काळ्या वेण्या झाल्या होत्या. काठीच्या धक्क्यानं त्यातली काही सुटली आणि खाली पडली.

"झडतील ना?" भालचंद्र म्हणाला. "ट्रॅक्टर येईपर्यंत झडून जातील. मग निव्वळ गवत राहील."

"काडी राहती. गवत न्हाई."

"काडी तर काडी. पोट तर भरेल."

माईंनी खाली वाकून मूठभर उपटलं. त्याच्यापुढं धरलं.

"खा."

"काय?"

"पोट भरतंय म्हणालास की. खा."

भालचंद्रानं माईंच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा दिसली नाही. मग त्याचाही हट्ट पेटला. त्यानं मूठ घेतली, तोंडात कोंबली आणि चावू लागला.

थोडा वेळ नुसता कुरकुर आवाज...

मग त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं सगळं थुंकलं. गालाच्या आत काहीतरी रुतलं होतं. त्यानं बोट घालून ओढलं आणि विव्हळला.

"मागं ओढू नको," माई म्हणाल्या. "आ कर."

त्यांनी त्याची हनुवटी धरली. दोन बोटं आत घातली, कुसळ ज्या दिशेनं गेलं होतं, त्याच दिशेनं पुढं ढकलून पार बाहेर काढलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठाच्या कडेनं रक्त आलं.

माईंनी कुसळ त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ह्याला मागचा गिअर न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् गाईला काढायला हात न्हाईत."

भालचंद्र तळहाताकडं बघत राहिला. हाताच्या घामानं कुसळ जरासं फिरलं. आपोआप.

वारा आला. कुरण सगळं एका दिशेला वाकलं आणि परत उभं राहिलं. लांबून आताही ते गवतच दिसत होतं.

"कधी धरली कुसळं?" त्यानं विचारलं.

"ज्या टायमाला धरतात, त्या टायमाला."

"मी तेव्हा..."

"तू तवा पेडलवर हुतास."

तो खाली बसला. बसल्या बसल्या उठला, कारण खालीही कुसळंच होती.

"सिदूबापूंना बोलावतो," तो म्हणाला. "मी जातो. पाया पडतो. जे काही बरं उरलं असेल, ते तरी..."

"कुठनं बोलवशील? ते फडात हायेत. चैत-वैशाखात येतील."

"मग त्या भक्ताला सांगतो. ट्रॅक्टर नको, कडबा द्या म्हणून."

"सांगून बघितलं मी."

"काय म्हणाले?"

"ट्रॅक्टरवर नाव घालता येतं. कडब्यावर कुठं घालणार?"

माईंनी सांगून बघितलं होतं. म्हणजे माईंना ठाऊक होतं. पण हा विचार भालचंद्रानं तेव्हा पुढं नेला नाही. बुडणारा माणूस आधी हातपाय मारतो.

"दुसऱ्या कुणाकडून आणू. गावोगाव हिंडतो, मागतो."

"हिंड. रानात ज्वारीच न्हाई आली, तर कडबा कुणाच्या दारात आसंल? सोताच्या बैलाच्या तोंडचं काढून कोण देतंय?"

"जुनी गंजी आहे ना? गेल्या सालची?"

"हाय."

"ती पुरेल?"

"निम्म्या गोठ्याला पुरंल. आखाडापातुर."

निम्म्या...

परत येताना भालचंद्र माईंच्या मागं चालत होता. चालताना त्याचं धोतर खरखर वाजत होतं.

गोठ्यात ठकूबाई पाणी पाजत होती. तिनं त्याच्या धोतराकडं बघितलं, ओठावरच्या रक्ताकडं बघितलं. तोंडाशी आलेलं काहीतरी तिनं गिळलं.

"सगळ्यांना थोडं थोडं घालू," भालचंद्र म्हणाला. "निम्मं निम्मं पोट. कशातरी तगतील."

"तगत न्हाईत, बाबा," ठकूबाई म्हणाली. "फागणात सगळ्याच बसतील. आन् बसलेली गाय उठत न्हाई. मी बघितलंय ते. पुन्हा बघायचं न्हाई मला."

"मग काहींना बाजारात..."

"असल्या सालात भाकड गाय कोण नेतंय? आन् जो नेईल, त्यो कशाला नेईल?"

तांबू नावाची म्हातारी गाय रवंथ करत होती. तिचे दात झिजलेले, तरी जबडा हलत होता.

माई आत गेल्या. बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात नारळाची करवंटी होती. करवंटीत गेरू कालवलेला. पोळ्याला शिंगं रंगवायची असतात, तसला ओला लाल गेरू.

त्यांनी करवंटी भालचंद्रापुढं धरली.

"शिंगाला लाव."

"आज? पोळा कधीच झाला."

"ज्यांना लावशील, त्या दावणीला राहतील. गंजी त्यांची."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या डोंगराला."

म्हणजे कुरणाला. म्हणजे कुसळांना. हे त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं, तेव्हा तो एक पाऊल मागं सरला.

"मी नाही लावणार."

"मग कोण?"

"तुम्ही लावा. तुम्ही गुरू आहात. तुम्हाला सगळं कळतं."

"निवडता तुला येतं. मगाशीच म्हणाले की मी, बरोबर निवडतोस."

"माई, पाया पडतो..."

"नंतर पड. उजेड हाय तवर लाव."

त्यानं करवंटी घेतली नाही. माईंनी हात मागं घेतला नाही. म्हातारीचा हात तसाच पुढं, थरथरायला लागेपर्यंत. गेरू हिंदकळून करवंटीच्या काठावर आला, तेव्हा भालचंद्रानं झटकन करवंटी धरली. सांडू नये म्हणून.

"सगळ्यांना लावतो," तो म्हणाला. "एक एक बोट सगळ्यांना."

"सगळ्यांना लावलास, तर कुणालाच लावला न्हाईस."

मग तो पहिल्या गाईपुढं उभा राहिला. उभाच राहिला.

ज्यानं गिअर निवडला होता, तो इतक्या सहज कुठं सुटणार? त्यानं डोकं चालवायला सुरुवात केली. डोकं चालतं, तोवर माणसाला आपण जिवंत आहोत असं वाटतं.

"ठकूबाई, दुभत्या कुठल्या?"

तिनं दाखवल्या.

"गाभण?"

तिनं दाखवल्या.

"हरणी दूध देते, पण लंगडी आहे. लंगडी पुढच्या साली टिकेल? ही गाभण, पण हाडं वर आलेली. हिला ठेवली, तर दोघींचं खाणं हिला एकटीला लागेल. ही धडधाकट, पण भाकड. धडधाकट आहे, म्हणजे डोंगरावर तगेल. तगेल म्हणून सोडायची? का तगेल म्हणून ठेवायची?"

त्यानं ठकूबाईकडं बघितलं. ठकूबाई दाव्याच्या गाठीकडं बघत होती.

"म्हातारीनं जन्मभर दिलं. तिचा हक्क आधी. पण म्हातारी आखाडापर्यंत टिकणारच नाही, मग तिच्या तोंडात घातलेलं सगळं..."

त्याचा आवाज मधेच तुटला. आपण काय मोजतोय, ते त्याच्या कानावर आलं होतं.

"माई, कशावर निवडायचं? काहीतरी कसोटी सांगा. एक कसोटी."

माई गव्हाणीच्या दगडावर बसल्या होत्या.

"उजेड जातोय, इंजनेरबाबा," ठकूबाई म्हणाली. पण ते टोमण्यासारखं आलं नाही.

त्यानं बोट बुडवलं. हरणीच्या शिंगाला लावलं. हरणीनं मान हलवली. पोळ्याला हलवते तशीच. पोळ्याला पुरणपोळी मिळते म्हणून तिनं त्याच्या हाताकडं तोंड केलं.

तो पुढं गेला. एकीला लावला. एकीला नाही. ठकूबाई त्याच्या मागं मागं चालली. लाल शिंगाची डाव्या दावणीला, बिनलाल शिंगाची उजव्या. तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एवढंच, की उजवीकडे बांधताना ती गाठ सैल बांधत होती.

तांबूपाशी तो थांबला. रोज पहाटे ही म्हातारी गाय माईंच्या मागून कुरणापलीकडच्या, माईंच्या गुरूंच्या समाधीपर्यंत चालत जायची आणि परत यायची. त्यानं माईंकडं बघितलं. माईंनी डोळे मिटले नाहीत, हलवलेही नाहीत.

त्यानं तांबूला लावला नाही.

शेवटी चिमी होती. आई मेल्यावर भालचंद्रानंच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली कालवड. अजून दोन सालं तरी ना वेत, ना दूध. त्याच्याच मापानं मोजली, तर तिच्या बाजूला काहीच नव्हतं. करवंटीत बोटभर गेरू उरला होता.

तो खूप वेळ उभा राहिला...

मग मागं वळला आणि ते बोट हाडं वर आलेल्या त्या गाभण गाईच्या शिंगाला पुसलं. पोरीसारख्या वाढवलेल्या जनावराला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणू नये म्हणून. हा माणूस मोडतानासुद्धा बरोबरच राहिला.

करवंटी रिकामी झाली. ठकूबाईनं चिमीचं दावं सोडलं आणि तिला उजवीकडं न्यायला लागली. चिमी वळून आली. त्याचा लोंबता हात तिनं चाटायला सुरुवात केली. घामाचं मीठ लागत असावं. तिची जीभ लाल झाली.

"माई..." भालचंद्र म्हणाला. "माई, हिला लागला. बघा. हिला गेरू लागला."

"शिंगाला न्हाई," माई म्हणाल्या.

ठकूबाई कालवडीला ओढत घेऊन गेली.

गोठ्यात दोन दावणी झाल्या. दोन्हीकडं रवंथ चालू होतं. सकाळचं खाल्लेलं होतं ते, आणि गाईंना त्याच्यापुढचं काही ठाऊक नव्हतं. उजेड डोंगराच्या मागं गेला.

भालचंद्र माईंच्या समोर जमिनीवर बसला. हात लाल, धोतर काळं. त्याच्यात आता गुर्मी नव्हती, शहाणपण नव्हतं, रडूही नव्हतं. मगाशी टाळलेला तो एक विचार तेवढा उरला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"व्हय."

"तुम्ही रोज पहाटे कुरणाच्या कडेनं समाधीला जात होता. फुलावर आलेलं गवत तुम्ही बघितलं. बापू फाटकात आला, तेव्हा तुम्ही ओट्यावर होता. त्यानं तुमच्याकडंच बघितलं होतं. तुम्ही नुसतं 'कापा' म्हणाला असता..."

माईंचा हात गव्हाणीत गेला.

"एक शब्द, माई. माझा मान गेला असता. जाऊ दे की! माझा मान तेवढा मोठा होता का? ह्यांच्यापेक्षा?" त्यानं उजव्या दावणीकडं हात केला. "मी मूर्ख होतो. तुम्ही तर नव्हता. मग तुम्ही का नाही बोललात?"

ठकूबाई चिमीला बांधून परत आली होती. तीही थांबली. एवढ्या वर्षांत माईंच्या तोंडाकडं असं सरळ बघायचं धाडस तिनं कधी केलं नव्हतं. आज बघत होती. तिलाही तेच विचारायचं होतं.

येसूमाईंचा हात गव्हाणीतल्या काड्या उगाच गोळा करत होता, पुन्हा पसरत होता.

"बोला ना, माई..."

"गाई वाचवाव्यात, का तुला वाचवावं, ते ठरवीत हुते," माई म्हणाल्या. "ठरंस्तवर कुसळं धरली."